एम मापाचा, एन नाडीचा

भिंगरीने सकाळी दुकान उघडलं, दिवा लावला, संगणकाचं बटण दाबलं आणि नेहमीसारखा झाडू हातात घेतला. तिचं झाडून होईपर्यंत संगणक हळूहळू जागा व्हायचा. त्या गुरुवारी मात्र झाडून झालं, धाग्यांचे तुकडे आणि चिंध्या गोळा झाल्या, काउंटर पुसून झाला, तरी पडदा काळाच. मधोमध पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे काय? काल संध्याकाळी इथेच तर होती," भिंगरी त्याला म्हणाली.

बंद करून चालू केलं. वायर काढून पुन्हा खोचली. डब्याला एक चापटीही मारून पाहिली. ओळ जागची हलली नाही.

दुकान भरतकामाचं होतं, पण सुईदोरा घेऊन बसायचं भरतकाम नव्हे. खिडकीशी एक मोठं मशीन होतं, त्याच्या डोक्यावर रंगीत रिळांची रांग. नाव, चिन्ह, फूल, काय हवं ते आधी संगणकावर काढायचं. मग संगणकातलं सॉफ्टवेअर त्या चित्राचे टाके पाडायचं आणि मशीन ते कापडावर उमटवायचं. म्हणजे संगणक बसला की मशीन बसलं, आणि मशीन बसलं की भिंगरीसुद्धा बसली. आणि बसणं हा तिचा स्वभावच नव्हता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिची लगबग पाहून थोरल्या जावेने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि ते असं चिकटलं की बारशाचं नाव आता फक्त बँकेत उरलं होतं.

शनिवारी पोहण्याच्या क्लबाची स्पर्धा होती. क्लबातल्या सगळ्या मुलांचे टॉवेल ढिगाने काउंटरवर पडले होते. प्रत्येकावर नाव आणि कोपऱ्यात उडी मारणारा बेडूक, अशी ऑर्डर होती. बेडूक भिंगरीने स्वतः काढला होता आणि त्याच्यावर तिचा फार जीव होता.

तिने संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. मागे खूप गलका ऐकू येत होता.

"काकू, थोडक्यात सांगा हं," तो म्हणाला. "माझं लग्न आहे."

"अय्या! कधी?"

"आत्ता."

भिंगरीने त्याला भरभरून शुभेच्छा दिल्या, बायको काय करते ते विचारलं आणि मग जमेल तेवढ्या थोडक्यात पडद्यावरची ओळ वाचून दाखवली.

"सिस्टिम उडालीय. फॉरमॅट मारून नवी टाकावी लागेल," नवरदेव म्हणाला. "अवघड काही नाही, तुम्ही कराल. दुसऱ्या एखाद्या संगणकावर पेनड्राइव्ह बनवून घ्या, त्यावरून हा चालू करा आणि तो विचारेल तशी उत्तरं देत जा. डिझाइनं दुसरीकडे ठेवलीत ना?"

"ठेवलीत. वेगळ्या डिस्कवर."

"मग जिंकलात. फक्त लायसन्सच्या की, म्हणजे ते लांबलचक सांकेतिक क्रमांक, हाताशी ठेवा. सिस्टिमची एक आणि भरतकामाच्या सॉफ्टवेअरची एक. आलो, आलो! काकू, ठेवतो, इथे सगळे माझ्याकडे बघताहेत."

भिंगरीचा नवरा वाचनालयात ग्रंथपाल होता. इतकी वर्षं शांततेत काढल्यामुळे तो घरीही कुजबुजल्यासारखा बोलायचा, भांडतानासुद्धा. त्याने वाचनालयातल्या संगणकावर पेनड्राइव्ह बनवला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घेऊन आला.

"सगळं पुसलं जाईल, असं म्हणतोय हा," पडदा बघून तो हळूच म्हणाला. "नक्की ना?"

"पुसू दे. नाहीतरी आत आता आहे काय?" भिंगरी म्हणाली आणि तिने 'पुढे' दाबलं. पण दाबताना डोळे मिटले.

पडद्यावर एक बारीकसं वर्तुळ गरगरायला लागलं. नवराबायको स्टुलांवर शेजारी शेजारी बसून त्याच्याकडे बघत राहिले. अधूनमधून टक्के वाढायचे. एका आकड्यावर ते इतका वेळ अडकलं की ग्रंथपालाने खिशातून पुस्तक काढलं. तेवढ्यात संगणक आपणहून बंद पडला, पुन्हा चालू झाला आणि त्याने निळ्या पडद्यावर नमस्कार घातला.

"आला! शुद्धीवर आला!" भिंगरी स्टुलावरून उठून दुकानात एक फेरी मारून आली.

शुद्धीवर आलेल्या संगणकाने पहिली गोष्ट मागितली ती लायसन्सची की. ती डब्याच्या मागे एका स्टिकरवर होती. पण भिंगरीचा हात फडक्याने पुसण्यात उदार होता. पुसून पुसून स्टिकर पांढराफटक पडला होता. ग्रंथपालाने टॉर्च धरला, भिंगरीने टाके तपासायचं भिंग डोळ्याला लावलं आणि काउंटरखाली आडवी होऊन ती एकेक अक्षर वाचू लागली.

"हे बी आहे की आठ?"

"तू वाचतेयस. मला इथून तुझे पाय दिसताहेत."

"कंबर आहे याला. आठ घाला."

आठ चाललं नाही. बी चाललं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि सिस्टिम ॲक्टिव्हेट झाली. भिंगरी जाळ्यांसकट बाहेर आली. एवढा आनंद तिला बेडूक जमला तेव्हाही झाला नव्हता. ग्रंथपाल कॉफी आणायला गेला.

भरतकामाचं सॉफ्टवेअर तिने कंपनीच्या साइटवरून उतरवलं. तेही सुरळीत बसलं. मग त्यानेही की मागितली, पाच-पाच अक्षरांचे पाच गट. आणि भिंगरीचा चेहरा उतरला.

ती की ईमेलवर आली होती. आणि तो ईमेल थोरल्या जावेचा होता.

हे दुकान मुळात थोरलीचं स्वप्न. मशीन तिने निवडलं होतं, सॉफ्टवेअर तिने घेतलं होतं, नोंदणी तिच्याच नावाची. दोघी जावांनी मिळून दुकान उभं केलं आणि सगळं छान चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या बँडचे मास्तर आले. बिल्ल्यांवरचा निळा हा आमचा निळा नाही, म्हणाले. थोरलीने नमुना शेजारी ठेवून दाखवला. मास्तर तरी ऐकेनात. तेव्हा थोरली म्हणाली, "मग डोळे तपासून घ्या." बाई तशी होतीच तिखट. भिंगरीने घाईघाईने मध्ये पडून मास्तरांची माफी मागितली आणि सगळे बिल्ले नव्याने करून द्यायचं कबूल केलं. मास्तर गेल्यावर थोरली एवढंच म्हणाली, "गिऱ्हाइकासमोर माझं नाक कापलंस." भिंगरीही म्हणाली, "तुम्ही गिऱ्हाईकच कापायला निघाला होतात." दुसऱ्या दिवसापासून थोरली आली नाही. जाताना तिने काही नेलं नाही, स्वतःची कात्रीसुद्धा नाही. शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेत तिला नोकरी लागली. त्यानंतर घरच्या कार्यात दोघी समोरासमोर यायच्या, "बरं आहे ना?" "बरं आहे." एवढंच बोलून दोन टोकांना बसायच्या.

"तुम्ही करा ना फोन," भिंगरी नवऱ्याला म्हणाली. "तुमची वहिनी आहे."

"तुझीही जाऊ आहे," तो कॉफीच्या कपामागून कुजबुजला. "मी दादाला करतो."

दादा म्हणजे थोरलीचा नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अवघड विषय निघाला की तो नेहमी शिडीवर असायचा.

"मी आत्ता शिडीवर आहे रे," दादा फोनवर म्हणाला. "या बायकांच्या भानगडीत मला घेऊ नका. ती घरीच आहे, दुपारचा वर्ग आहे तिचा. लावा तिलाच."

भिंगरीने टॉवेलांच्या ढिगाकडे पाहिलं. मग एका दमात नंबर लावला, म्हणजे मध्येच विचार बदलायला वेळ नको.

"हॅलो."

"ताई, मी बोलतेय."

"दिसतंय नाव." थोरलीचा आवाज इस्त्री केलेला. "बरं आहे ना?"

"बरं आहे. म्हणजे नाही. संगणक उडाला. सिस्टिम टाकली सगळी नवी. पण आता भरतकामाचं सॉफ्टवेअर की मागतंय, आणि ती तुमच्या ईमेलमध्ये आहे."

"सिस्टिम कोणी टाकली?"

"मी."

"तू?" त्या एका अक्षरात शंका होती आणि थोडं कौतुकही. पण कौतुक लगेच आत घेतलं गेलं. "थांब. शोधते."

बराच वेळ काहीतरी उघडल्याचे, मिटल्याचे आवाज आले. मग थोरली वर्गात सांगावं तसं सांगू लागली.

"लिही. के, कात्रीचा. सात. आर, रिळाचा. टी, टाक्याचा. एम, मापाचा."

भिंगरीने लिहिलं. इतक्या दिवसांनी फोन केला आणि बाई सरळ कात्रीपासून सुरुवात करते, याचा तिला उगाच राग आला. ती वाचून दाखवू लागली.

"के, कटकटीचा. सात. आर, रुसव्याचा. टी, टोमण्याचा. एम, मौनाचा."

ग्रंथपालाने कप खाली ठेवला आणि तो काउंटरपासून एक पाऊल मागे सरकला.

"मी रिळाचा सांगितला होता," थोरली थंडपणे म्हणाली.

"अक्षर तेच आहे ना?"

"तेच आहे. मग पुढचा गट घे. एच, हट्टाचा. दोन. जी, गडबडीचा. बी, बडबडीचा. नऊ."

"एच, हेक्याचा," भिंगरी म्हणाली. "दोन. जी, गर्वाचा. बी, बोलतच नाहीचा. नऊ."

"हे शब्द एवढे सगळे तयार ठेवले होतेस?"

"दोन वर्षं होती ना."

तिसऱ्या आणि चौथ्या गटातही दोघींनी कसर ठेवली नाही. पाचव्या गटाला पोचेपर्यंत दोघींचा श्वास चढला होता. भिंगरीने शेवटचं अक्षर दाबलं. पडद्यावर लाल पट्टी आली: की चुकीची आहे.

"चुकीची म्हणतोय."

"तू चुकीची लिहिली असशील. पहिल्यापासून वाच. नीट. भांडण न घालता."

भिंगरी वाचू लागली. तिसऱ्या गटात थोरलीने तिला अडवलं.

"थांब, थांब. हा एम कुठून आणलास? मी एन सांगितला. एन, नाडीचा."

"मी एम लिहिलाय. मनस्तापाचा."

"मी नाडी म्हणतेय आणि तू मनस्ताप ऐकतेस? कान आहेत की बटणांची काजं?"

भिंगरीच्या तोंडून आधी एक बारीक आवाज निघाला. तिने तो दाबायचा प्रयत्न केला, पण पलीकडूनही तसाच आवाज आला. कोण आधी हसलं ते नंतर दोघींनी वेगवेगळं सांगितलं. ग्रंथपालाच्या म्हणण्याप्रमाणे एकदमच. त्याला फोनमधून थोरल्या वहिनीचं ते खळखळून हसणं ऐकू आलं आणि त्याने सुटकेचा श्वास इतक्या जोराने सोडला की वाचनालयात असता तर कोणीतरी वळून पाहिलं असतं.

"नाडीचा घालते," भिंगरी डोळे पुसत म्हणाली.

लाल पट्टी गेली. पण हिरवी आली नाही. त्याऐवजी एक लांबलचक सूचना आली. हे लायसन्स आधीच एका संगणकावर चालू आहे, दुसऱ्यावर चालवायचं असेल तर नोंदणीकृत मालकाने हेल्पलाइनला फोन करून जुनी नोंद सोडवावी. खाली आकड्यांची एक मोठी रांग होती.

"दुसरा संगणक कुठून आला?" भिंगरी वैतागली. "डबा तोच आहे!"

"आतून कोरा झालाय ना तो," थोरली म्हणाली. "त्याला वाटतंय तू कोणी परकी आहेस. मालक म्हणजे मीच. आणि ते आकडे समोर लागणार. तुझ्याकडून फोनवर आकडे घेतले तर सातचा साठ करशील. थांब तिथेच, मी येते."

भिंगरीने फोन ठेवला आणि दुकान पुन्हा झाडायला घेतलं.

थोरली आली ती बसने, हातात वर्गाची पिशवी, चष्मा कपाळावर. दारात थांबून तिने आधी सगळीकडे एक नजर फिरवली. मशीन आता खिडकीशी होतं.

"भावोजी, बरे आहात ना?" तिने ग्रंथपालाला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "उन्हात ठेवलंत मशीन? रिळांचे रंग उडतील."

"पडदा लावते दुपारी," भिंगरी म्हणाली.

"हं," थोरली म्हणाली. पण पडद्याचं कापड बोटांनी चोळून बघितलं आणि ते तिला पसंत पडलेलं दिसलं.

भिंगरीने स्टूल पुसून दिलं. थोरली संगणकासमोर बसली आणि हेल्पलाइनला फोन लावून तिने तो स्पीकरवर ठेवला. आधी एका यंत्राने त्यांना एक दाबा, चार दाबा, थांबा असं बराच वेळ फिरवलं. मध्ये वाजणारं संगीत इतकं रटाळ होतं की ग्रंथपाल दाराशी जाऊन उभा राहिला. शेवटी एका मुलीचा आवाज आला. थोरलीने नाव सांगितलं, ईमेल सांगितला, पडद्यावरचे आकडे खणखणीत वाचून दाखवले.

"धन्यवाद मॅडम," मुलगी म्हणाली. "मालक तुम्हीच आहात याची खात्री करायला एक प्रश्न विचारावा लागेल. नोंदणीच्या वेळी तो तुम्हीच निवडला होता. तुमच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं टोपणनाव काय?"

थोरली छताच्या पंख्याकडे बघू लागली.

"मॅडम?"

"दुसरा एखादा प्रश्न नाही का? पहिली शाळा वगैरे?"

"नाही मॅडम, तुमच्या खात्याला हा एकच आहे."

भिंगरीने घडी घातलेला टॉवेल उचलून उलगडला आणि त्याची पुन्हा घडी घालायला लागली. थोरलीने घसा खाकरला आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली.

"आवाज नीट आला नाही मॅडम. जरा मोठ्याने सांगाल?"

"भिंगरी!" थोरली कडाडली.

"ओ ताई!" भिंगरीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

फोनमधल्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्यासोबत आणखी कोणी आहे का?"

"आहे," थोरली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "तीच आहे."

"बरं. मग स्पेलिंग सांगाल? इथे जसं लिहिलंय तसंच जुळावं लागतं."

"बी, बटणाचा. एच, हुकाचा. आय. एन, नाडीचा. जी, गाठीचा. आर, रिळाचा. आय."

"जुळत नाही मॅडम. अजून एकदा प्रयत्न करता येईल. तोही चुकला तर लेखी अर्ज करावा लागेल, त्याला काही दिवस लागतात."

काही दिवस म्हणजे स्पर्धा उलटून जाणार.

"मध्ये ए घातला असेल," ग्रंथपाल दारातून कुजबुजला. "गच्या पुढे."

"मी इंग्रजी अक्षरं फुकट घालवत नाही," थोरली म्हणाली. तिने डोळे मिटले. "तेव्हा मी कसं लिहिलं असेल? इथेच बसून नोंदणी केली होती. तू मागे उभी होतीस, सारखी वाकून बघत होतीस. मी म्हटलं, भिंगरी, जरा बाजूला हो."

"असं नाही म्हणालात. तुम्ही असं कधीच म्हणत नाही," भिंगरी म्हणाली. "तुम्ही लांबवता. भिंगरीऽऽ! गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी."

थोरलीने डोळे उघडले. "शेवटी दोन ई," ती फोनमध्ये म्हणाली. "आय नाही. ई, ई."

टाइप केल्याचा आवाज आला.

"जुळलं मॅडम. जुनी नोंद सोडवलीय. आता पडद्यावर पुन्हा प्रयत्न करा."

भिंगरीने बटण दाबलं. हिरवी खूण आली. पाठोपाठ तो ओळखीचा पांढरा कागद पडद्यावर उघडला, डावीकडे धाग्यांच्या रंगांची पट्टी घेऊन. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. ग्रंथपालानेही वाजवल्या, आवाज न करता.

"आणखी काही मदत हवी आहे का मॅडम?"

थोरलीने जावेकडे बघितलं नाही. ती मशीनकडे बघत होती. "लायसन्सवर दोन नावं चालतात का हो?"

"चालतात मॅडम. दोघींनाही मग नोंद सोडवता येते. दुसरं नाव सांगा."

थोरलीने भिंगरीचं बँकेतलं नाव सांगितलं, न अडखळता, आडनावासकट. ते ऐकताना भिंगरीला वाटलं आपण दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकतोय. तिला काहीतरी छानसं बोलायचं होतं. पण फोन ठेवल्या ठेवल्या थोरली काउंटरवरच्या ऑर्डरच्या कागदाकडे बोट करून म्हणाली, "हा बेडूक कुणी काढला?"

"मी."

"याला मान नाही."

"बेडकाला मान नसतेच ताई."

थोरलीने चष्मा नाकावर घेतला, कागदावर वाकून बेडूक निरखला आणि क्षणभर विचार केला. "खरंच की. नसते." मग ती उठली, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि बाह्या वर सारल्या. "टॉवेल जाड आहेत. नुसते फ्रेममध्ये ताणलेस तर टाके त्यांच्या मऊ धाग्यांत बुडतील. वरून पातळ प्लास्टिक घाल. आहे ना?"

"आहे. तुम्ही ठेवलं होतं तिथेच."

थोरलीने संस्थेत फोन करून वर्ग दुसऱ्या बाईंकडे दिला. डिझाइनं वेगळ्या डिस्कवरून संगणकात आली. भिंगरी नावं टाइप करू लागली, थोरली टॉवेल फ्रेममध्ये ताणून मशीनला लावू लागली, ग्रंथपाल सुटे धागे कापू लागला. मशीन खडखडायला लागल्यावर बोलायला ओरडावं लागायचं, आणि ओरडता ओरडता दोन वर्षांच्या तुंबलेल्या बातम्या निघाल्या: कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचं फिसकटलं, दादा शिडीवरून खरोखरच एकदा कसा पडला आणि खाली कोणीतरी ठेवलेल्या गादीवर कसा पडला. ग्रंथपालाला हे ठाऊक होतं, पण भिंगरीला कोणी सांगितलं नव्हतं.

"मला कोणी काही सांगतच नाही," ती म्हणाली.

"तू विचारायचंस."

"कोणाला?"

नव्या टॉवेलची कड सरळ करत थोरली म्हणाली, "त्या दिवशी घरी गेल्यावर मला वाटलं होतं, संध्याकाळी तू येशील. तू येतेसच, असं धरूनच चालले मी."

"आणि मला वाटलं तुम्ही सकाळी याल," भिंगरी म्हणाली. "कात्री तर इथेच होती. मी रोज ती पुसून ठेवायचे."

मशीनने एका नावाचं शेवटचं अक्षर पूर्ण केलं आणि आपणहून थांबलं. दोघींनी एकदमच हात पुढे केले आणि फ्रेम सोडवली.

शुक्रवारी संध्याकाळी क्लबाची प्रशिक्षिका टॉवेल न्यायला आली. तिने एक टॉवेल उघडला, बेडकावरून अंगठा फिरवला आणि तो मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त आवडल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "एकच गोष्ट. हिरवा जरा जास्तच हिरवा नाही का झालाय?"

भिंगरीने श्वास रोखला. थोरलीने प्रशिक्षिकेकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं.

"तलावाच्या पाण्यात धुतला की उतरेल थोडा," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "म्हणून एक छटा वरचा घेतलाय."

प्रशिक्षिका खूश होऊन गेली. भिंगरी टक लावून जावेकडे बघत राहिली.

"खरंच म्हणून घेतला होता?"

"छे. पेटीत हात घातला, हाच आला," थोरली म्हणाली. "वर्गात चाळीस पोरी सांभाळते मी. दोन वर्षांत माणूस काहीतरी शिकतो की नाही?"

शनिवारी दोघी स्पर्धा बघायला गेल्या. तलावाकाठी ओली मुलं बेडूक पांघरून दात वाजवत उभी होती. एका बारक्या पोराने शेवटून पहिला नंबर पटकावला आणि टॉवेल पंखांसारखा पसरून काठाभोवती एक विजयी फेरी मारली, तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या थोरलीने वाजवल्या. उडणाऱ्या पाण्याने तिचा चष्मा भिजला. तो भिंगरीच्या ओढणीला पुसत ती म्हणाली, "सोमवारी सकाळी काय करतेस?"

"दुकान. का?"

"आमच्या संस्थेत तीन संगणक आहेत. पोरींना डिझाइन शिकवायचं म्हणून आणले आणि तिन्ही मेल्यासारखे पडलेत. बाहेरचा माणूस येतो, डोकं खाजवतो आणि जातो." थोरलीने चष्मा डोळ्याला लावला. "तू येऊन सिस्टिम टाकशील? पोरींनाही दाखव कशी टाकायची. मी सांगून ठेवलंय त्यांना, माझी जाऊ येणार आहे म्हणून."

"मला शिकवता कुठे येतं ताई?"

"माझ्यासमोर उभी राहा आणि बोल. बोलता तर येतं ना?"

भिंगरी तोंड उघडून काही म्हणणार तेवढ्यात पुढच्या शर्यतीची शिट्टी झाली आणि मुलांनी एकाच वेळी पाण्यात उड्या घेतल्या. मग गोंगाटात तिने जावेच्या कानाशी तोंड नेलं आणि आधी तिन्ही डब्यांमागचे स्टिकर कोणी पुसलेले नाहीत ना, ते विचारलं.